साहेब चांगले आहेत, पण मला खाली जाऊ देत नाहीत

ताई नमस्कार. मी २५ वर्षांची आहे. मायनिंगचा डिप्लोमा केला, वर्षभर पीडीपीटी (डिप्लोमानंतरचं खाणीतलं प्रशिक्षण) केली, ओव्हरमनचं (खाली पाळीच्या कामावर देखरेख करणाऱ्याचं) सर्टिफिकेट काढलं आणि त्याच पोस्टवर एका भूमिगत कोळसा खाणीत लागले. जॉईन होऊन १४ महिने झाले. त्यातले मी प्रत्यक्ष खाली उतरले ते दिवस ११, तेही बाहेरचे पाहुणे आले किंवा इन्स्पेक्शन असलं तेव्हा. बाकी सगळे दिवस वर प्लॅनिंग सेक्शनला बसून प्लॅन ट्रेस करायचे आणि रिपोर्ट टाईप करायचे. मॅनेजर साहेब खूप चांगले आहेत, मुलीसारखं वागवतात, म्हणतात तू वरच थांब, खाली काय ठेवलंय, पगार तर तोच आहे. माझ्यासोबत लागलेली दोन मुलं रोज खाली जातात आणि आता मॅनेजरच्या सेकंड क्लास सर्टिफिकेटच्या परीक्षेची तयारी करतायत. मी विषय काढला की साहेब म्हणतात नियमाप्रमाणे तीन महिला लागतात, तू एकटी आहेस. ऑफिसातल्या मॅडम म्हणतात गप्प बस, चांगलं चाललंय. आईसुद्धा खूश आहे. मी कृतघ्नपणा करतेय का? काय करू?

(पत्र मोठं होतं, थोडक्यात दिलंय. नाव, गाव, खाण काहीच देत नाहीये.)

अगं, नाही, कृतघ्नपणा अजिबात नाही. तुझ्या मूळ पत्रात "साहेब चांगले आहेत" हे इतक्या वेळा आलंय की मला वाटलं तू माझ्याकडे सल्ला मागत नाहीयेस, परवानगी मागतेयस, चांगल्या माणसाला नाही म्हणायची. तर ती परवानगी आधीच देऊन टाकते आणि मग बाकीचं सविस्तर बोलू.

मी कोण ते सांगते म्हणजे हे सगळं कुठून येतंय ते कळेल. मी २९ वर्षं कोळसापट्ट्यात कल्याण अधिकारी होते. खाणीत माणूस गेला की त्याच्या क्वार्टरवर जायचं, कागद करायचे आणि तेराव्यानंतर त्याच्या बायकोला समोर बसवून विचारायचं की बाई, दरमहा पैसे घेणार की नोकरी घेणार, कारण कोळसा कामगारांच्या वेतन करारात घरातल्या बाईला हा पर्याय दिलेला आहे. ज्या नोकरी म्हणायच्या त्यांना आम्ही कुठे लावायचो? पाणी भरायला, फायली या टेबलावरून त्या टेबलावर न्यायला, गेस्ट हाऊसवर, आवारातल्या झाडांना पाणी घालायला. मला मनापासून वाटायचं की मी त्यांचं भलं करतेय, आधीच बिचारीवर एवढं संकट, तिला कशाला धुळीत आणि आवाजात पाठवायचं, सावलीत बसू दे. एक बाई होती, तिचा नवरा पंप ऑपरेटर होता, घर पंप हाऊसला लागूनच, पंप नुसता आवाजावरून बिघडलाय की बरोबर चाललाय ते तिला कळायचं. तीसुद्धा २२ वर्षं पाणीच भरत राहिली. रिटायर झाली त्या दिवशी माझ्या खोलीत आली आणि साधेपणाने विचारलं, मॅडम, माझ्याबरोबर लागलेली पोरं ऑपरेटर झाली, कोणी फोरमन झाला, मी जनरल मजदूर म्हणून लागले आणि जनरल मजदूर म्हणूनच चालले, असं का झालं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला त्रास द्यायचा कोणाचाच हेतू नव्हता, सगळे तिच्याशी चांगलेच वागले, फक्त तुला काय करायचंय हे २२ वर्षांत एकानेही विचारलं नाही आणि त्यात मी पहिली. हे मला अजून टोचतं म्हणून तुझं पत्र बाजूला ठेवता आलं नाही.

तुझी प्लॅनिंग सेक्शनची खुर्ची आणि तिची पाण्याची घागर, मला यात फार फरक दिसत नाही. तुझी खुर्ची बरी आहे, एसी असेल, पगारही चांगला. पण खाणीत माणूस वर चढतो तो खाली काढलेल्या दिवसांवर. मॅनेजरच्या सर्टिफिकेटच्या परीक्षांना बसायचं तर खाणीतला प्रत्यक्ष अनुभव दाखवावा लागतो आणि अनरिस्ट्रिक्टेड, म्हणजे नुसत्या उघड्या खाणीपुरतं नसलेलं, सर्टिफिकेट हवं असेल तर तो भूमिगत खाणीतला लागतो, प्लॅन ट्रेस करून तो भरत नाही. म्हणजे ती दोन मुलं रोज लॅम्प रूममधून कॅप लॅम्प घेऊन खाली जातात तेव्हा ती नुसती ड्युटी करत नाहीयेत, त्यांच्या खात्यात दिवस जमा होतायत. तुझ्या खात्यात ११ जमा झालेत. साहेब म्हणतात पगार तर तोच आहे, ते आज खरं आहे, पाच वर्षांनी खरं नसेल, आणि तेव्हा तुला कोणी असं सांगणार नाही की आम्ही तुला अडवलं होतं, सांगतील की तुझ्याकडे अनुभवच नाही ना.

आता थोडं मागचं सांगते, कारण "बायकांनी खाणीत जायचं नसतं" हे जणू सृष्टीच्या सुरुवातीपासून चालत आलंय अशा थाटात बोलतात लोक. झरिया-राणीगंजच्या खाणी सुरू झाल्या तेव्हा घरंच्या घरं खाली उतरायची, नवरा कोळसा कापायचा आणि बायको टोपलीत भरून टबापर्यंत, म्हणजे कोळशाच्या छोट्या गाडीपर्यंत, न्यायची, या बायकांना तिकडे कामिन म्हणायचे. हजारो होत्या. मग १९२९ मध्ये सरकारने नियम केले की त्यांना टप्प्याटप्प्याने खालून काढायचं आणि १९३७ पर्यंत पूर्ण बंद केलं. कारण काय दिलं, तर संरक्षण. आणि खरं सांगायचं तर त्या खाणी भयंकरच होत्या, बायकांचे खूप हाल होते, त्यामुळे बंदी मागणारे सगळे वाईट लोक होते असं मी म्हणणार नाही. पण खाणी सुधारायच्याऐवजी बायकाच काढल्या, आणि त्या बाहेर आल्या तर घरातली एक मजुरी गेली, तिची भरपाई कोणी केली नाही.

आणि पुढचा भाग ऐक, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १९४३ मध्ये युद्धासाठी कोळसा कमी पडायला लागला, मजूर मिळेनात, तेव्हा सरकारने तीच बंदी उठवली आणि बायकांना परत खाली बोलावलं. तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्याच वर्षी डिसेंबरात ते स्वतः धनबादकडच्या कोळसा खाणी बघायला गेले होते. १९४४ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती कायदेमंडळात यावर जोरदार टीका झाली, त्याला त्यांनी उत्तर दिलं, हा निर्णय आणीबाणीतला आहे हे स्पष्ट सांगितलं आणि त्यात एक मुद्दा ठासून मांडला की खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, समान कामाला समान दाम. १९४४ मध्ये! मग युद्ध संपलं आणि १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी परत आली. आता तूच बघ, ज्या खाणीत बाईने जाणं १९४२ मध्ये धोक्याचं होतं तिथे १९४४ मध्ये चाललं आणि १९४६ मध्ये परत धोक्याचं झालं. छत तेच, गॅस तोच. बदलली ती फक्त गरज. म्हणून संरक्षणाच्या नावाखाली कोणी काही काढून घ्यायला लागलं की मी आधी बघते याने नक्की कोणाची सोय होतेय.

पुढे १९५२ च्या खाण कायद्यात कलम ४६ आलं, बाईने जमिनीखाली काम करायचं नाही आणि वरही सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढंच. माझी जवळजवळ सगळी नोकरी त्या कलमाच्या सावलीत गेली. कॉलेजंसुद्धा मुलींना मायनिंगला घ्यायची नाहीत, नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मांना डिग्रीच्या ॲडमिशनसाठी कोर्टाची पायरी चढावी लागली होती, आज त्या खाण संशोधनातल्या नावाजलेल्या शास्त्रज्ञ आहेत. २०१९ च्या सुरुवातीला केंद्राने सूट दिली, ओपनकास्टला, म्हणजे वरून उघड्या खाणीला, आणि जमिनीवरच्या कामाला रात्रीसुद्धा, आणि भूमिगत खाणीत सकाळी ६ ते संध्याकाळी ७ मध्ये टेक्निकल, सुपरवायझरी आणि मॅनेजमेंटच्या अशा कामांना जिथे सतत खाली थांबावं लागत नाही. अटी होत्या, लेखी संमती, सोयी-सुरक्षा आणि पाळीत कमीत कमी तिघींचा गट. तुझे साहेब जे तीन-तीन करतायत ते इथलं. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या, त्यातल्या सुरक्षा-आरोग्याच्या संहितेत कलम ४३ आहे, बाईला सगळ्या आस्थापनांमध्ये सगळ्या प्रकारच्या कामावर घेता येईल, रात्रपाळीसुद्धा, तिची संमती आणि सुरक्षेच्या सोयी असतील तर. जुने नियम नव्याशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात, त्यामुळे सध्या प्रत्येक जण आपल्या सोयीचं पान उघडून दाखवेल. पण मूळ दिशा बदललीय हे नक्की धर, आधी "बाई नाही, अपवाद असेल तर दाखवा" असं होतं, आता "बाई आहे, सोय काय केली ते दाखवा" असं झालंय. जगभरात ज्याच्या आधारावर अशा बंद्या उभ्या होत्या तो १९३५ चा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करारच २०२४ मध्ये रद्द झाला, आपणही १९३८ मध्ये त्यावर सही केलेली होती.

तर आता करायचं काय. पहिलं म्हणजे साहेबांना शत्रू समजू नकोस, मला ते खरंच चांगले वाटतायत आणि त्यांची भीतीसुद्धा समजते. खाणीत काही झालं तर कायद्याने पहिला हात मॅनेजरला लागतो, चौकशी त्याची, सर्टिफिकेट त्याचं जाणार, आणि मुलीला काही झालं तर सगळीकडून एकच प्रश्न येणार की हिला खाली पाठवलंच कोणी. त्यांच्या मायेत ही भीती मिसळलेली आहे, त्यांना स्वतःलासुद्धा वेगळी काढता येणार नाही. माझा अनुभव असा की अशा माणसाशी भावनेच्या भाषेत बोललं की तो आणखी बाबासारखा होतो, अगं तुला काय कळतंय म्हणतो. त्याला कागद दे. कागदाने त्याची भीती कमी होते कारण जबाबदारी वाटली जाते.

म्हणून अर्ज कर, एक पानाचा, साधा. माझी नेमणूक ओव्हरमन म्हणून आहे, हे सुपरवायझरी काम आहे, भूमिगत कामासाठी माझी लेखी संमती सोबत जोडली आहे, पुढच्या परीक्षेसाठी मला भूमिगत अनुभव आवश्यक आहे, तरी मला अमुक तारखेपासून जनरल किंवा पहिल्या पाळीत डिस्ट्रिक्टवर (खाणीतल्या कामाच्या एका भागावर) नेमणूक द्यावी, आणि देता येत नसेल तर कारण लेखी कळवावं. शेवटचं वाक्य विसरू नकोस, सगळा जीव त्यात आहे. तोंडी नाही म्हणायला काही लागत नाही, नाही लिहून द्यायचं म्हटलं की माणूस नियम पुन्हा उघडून वाचतो. मूळ प्रत साहेबांना, एक पर्सोनेलला, एकावर पोच घे. तक्रार, अन्याय, भेदभाव असले शब्द पहिल्या अर्जात नको, त्यांची गरज पडली तर दुसऱ्या अर्जात.

तिघींचा प्रश्न. एकटी आहेस म्हणून जर तुला थांबवलं जात असेल तर तो प्रश्न तुझा नाही, व्यवस्थापनाचा आहे, त्यांनी तिघी करायच्या. पण तू वाट बघत बसू नकोस, एरियात, म्हणजे तुमच्या भागातल्या खाणींच्या गटात बघ, दुसऱ्या खाणींत तुझ्यासारख्या कोण कोण अडकल्यात, सर्व्हेला असेल कोणी, व्हेंटिलेशनला असेल, सेफ्टीला असेल, प्रत्येकीला तिच्या तिच्या साहेबाने सांगितलं असेल की तू एकटी आहेस. तीन खाणींत तीन एकट्या म्हणजे एका खाणीत तिघी होतात की, एवढा हिशोब अर्जात मांड आणि तिघींची एकत्र बदली मागा. हे मी स्वतः नोकरीत असताना करू शकले असते, केलं नाही.

आता सोयींबद्दल, इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण याच गोष्टींना लोक किरकोळ समजतात आणि याच गोष्टींमुळे बाई दोन महिन्यांत स्वतःहून वर येते. तू पत्रात संकोचून एका ओळीत लिहिलंयस की खाली बाथरूमचं काही नाही. संकोच कशाला? बायका-पुरुषांची वेगळी आणि पुरेशी शौचालयं हे १९५२ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं, कलम २०, पण बाई खाली नाहीच म्हटल्यावर कोणी बांधलं नाही. तू गेलीस तर काय करशील ते मला माहितीय, पाणी प्यायचं सोडशील, सगळ्या जणी हेच करतात, ओपनकास्टच्या मुलीसुद्धा. खाली उष्णता आणि दमट हवा, त्यात सात-आठ तास पाणी नाही, चक्कर येते, लघवीचं इन्फेक्शन होतं, मग लोक म्हणणार बघा झेपत नाही. झेपत नाही असं काही नसतं, शौचालय नसतं. त्यामुळे पोर्टेबल किंवा बायो टॉयलेट, आतून कडी असलेलं, दिवा असलेलं, रोज साफ होणारं, हे मागण्यांत पहिल्या नंबरवर. वर कपडे बदलायला आणि अंघोळीला वेगळी खोली, पुरुषांच्या पिटहेड बाथमधून वाट जाणारी नको.

दुसरं, बूट आणि कपडे. आपल्याकडे सगळं पुरुषाच्या मापाचं येतं. मोठ्या बुटात दोन मोजे घालून चालणारी मुलगी इन्क्लाईनवर (खाली जाणाऱ्या उतारावर) घसरली तर तो अपघात तिच्या मुलगी असण्याने झालेला नसतो, स्टोअरच्या ऑर्डरमुळे झालेला असतो. दक्षिण आफ्रिकेत मायनिंग चार्टरने खाणीत १० टक्के महिला असाव्यात असं उद्दिष्ट ठेवलं, महिला आल्या, आणि मग लक्षात आलं की एकसंध डांगरी घालून बाईने बाथरूमला जायचं म्हणजे सगळं अंगावरून उतरवायचं, तेव्हा कुठे दोन तुकड्यांचा ड्रेस आला. म्हणजे टक्केवारी आधी ठरली आणि पँट नंतर शिवली. तू आधी पँट माग.

खालच्या माणसांबद्दल तू लिहिलंयस की तुला बघून गँगमधले लोक गप्प होतात, शिव्या थांबतात आणि काम संथ होतं, साहेब म्हणतात प्रॉडक्शनवर परिणाम होतो. ११ दिवसांत आणि तेही पाहुण्यांबरोबर गेलीस तर गप्पच होणार ना गं, पाहुण्यांसमोर कोणीही होतं. रोज गेलीस की पंधरा दिवसांत बोलायला लागतील, शिव्यासुद्धा परत सुरू होतील. हवेतली शिवी आणि तुझ्याकडे बघून दिलेली शिवी यातला फरक तुला पहिल्या आठवड्यात कळेल, पहिलीकडे दुर्लक्ष कर, दुसरी एकदाही खपवून घेऊ नकोस. कोणी अंगाला लागून गेलं, लॅम्प मुद्दाम तोंडावर मारला, घाणेरडं बोललं तर त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं ते लिहून ठेव. २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती प्रत्येक ठिकाणी असायलाच हवी, तुमच्या खाणीची कोणती, अध्यक्ष कोण, बाहेरची सदस्य कोण, हे आत्ताच विचारून घे, काही झाल्यावर शोधत बसू नकोस. तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची असते.

आणि काम. त्या बाबतीत मी तुला शिकवू शकत नाही, मी फेसवर, जिथे प्रत्यक्ष कोळसा काढतात तिथे, फार तर वीस वेळा गेले असेन. पण एक बघितलंय, खाली माणूस मान देतो तो छताकडे बघण्याच्या पद्धतीला. कोणत्या ओव्हरमनला ठोकून आवाजावरून छत कळतं आणि कोणाला कळत नाही हे गँगला बरोबर माहीत असतं. जुना सिरदार (ओव्हरमनच्या हाताखाली देखरेख करणारा) धर, ज्याच्या हाताखाली कधी कोणाला लागलं नाही असा एखादा प्रत्येक खाणीत असतो, आणि त्याला सरळ सांग, काका, मला शिकवा. बहुतेक वेळा अशी माणसं खूप आनंदाने शिकवतात, त्यांना विचारणारं कोणी उरलेलं नसतं.

आईचं वेगळं आहे. तिची भीती खोटी ठरवू नकोस, छत पडतं, गॅस असतो, ती कोळसापट्ट्यातली आहे, तिने शेजारची घरं रडताना बघितलीयत. फक्त तिला एवढंच विचार की दादा लागला असता तर तू त्याला वर थांब म्हटलं असतंस का. आणि खाण धोक्याची आहे म्हणून मुलगी नको हे मला पटत नाही, खाण धोक्याची आहे तर ती मुलासाठीही सुधारायला हवी. तिला नावं सांग, माणसाला नावांनी धीर येतो. झारखंडच्या चुरी भूमिगत खाणीत २०२१ मध्ये आकांक्षा कुमारी रुजू झाली, हजारीबाग जिल्ह्यातली मुलगी, कोळशाच्या गावात वाढलेली. त्याच वर्षी हिंदुस्तान झिंकमध्ये संध्या रासकतला आणि योगेश्वरी राणे यांना फर्स्ट क्लासचं अनरिस्ट्रिक्टेड सर्टिफिकेट होतं म्हणून भूमिगत खाणीत मॅनेजरच्या जबाबदाऱ्या मिळाल्या, त्यांच्या आधी देशात बाईकडे हे नव्हतं. त्यांनी ते कमावलं ते खाली दिवस काढून.

ऑफिसातल्या मॅडमवर रागावू नकोस. त्या गप्प बस म्हणतात त्यात मत्सर नाहीये, त्यांनी ३० वर्षं बघितलंय की कोणी मोठ्याने मागितलं तर सगळ्यांच्याच सवलती जातात. पण त्यांच्याशी आणि त्यांच्या पलीकडे झाडू मारणाऱ्या, ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या बायकांशी बोलत राहा. खाणीतली समानता म्हणजे तू ओव्हरमन म्हणून खाली गेलीस एवढंच असेल तर माझ्या पंपवालीला त्यातून काहीच मिळत नाही. झारखंडमध्ये नोआमुंडीच्या लोखंडाच्या खाणीत टाटा स्टीलने आजूबाजूच्या गावांतल्या मुलींना ट्रेनिंग देऊन डंपर आणि मोठ्या मशीनवर बसवलं, आणि २०२४ च्या डिसेंबरात तिथे एक पूर्ण पाळीच महिलांनी चालवायला सुरुवात केली. मला त्याचं खूप कौतुक आहे. फक्त मनात येतं की ती एक पाळी दाखवायची पाळी होऊन राहू नये, त्याच मुली उद्या कोणत्याही पाळीत, कोणत्याही गँगमध्ये, कोणी टाळ्या न वाजवता दिसल्या पाहिजेत. तुमच्याकडे पुढच्या वेळी ऑपरेटर ट्रेनिंगची नोटीस लागली तर ती पाणी भरणाऱ्या बायकांना वाचून दाखव. त्या बोर्डापर्यंत जातच नाहीत, त्यांना वाटतं ते आपल्यासाठी नसतं. ही एक गोष्ट तू वर असतानाही, उद्यापासून करू शकतेस.

अर्जाला महिनाभर दे. उत्तर नाही आलं तर आठवण, मग एरिया ऑफिस, सोबत सेफ्टी कमिटीत आणि युनियनकडे विषय. युनियनवाले सुरुवातीला टाळतील, पण कामगार निरीक्षक (सरकारी नव्हे, खाणीतल्या कामगारांच्या बाजूने सुरक्षा तपासणारा) चांगला असेल तर त्याला टॉयलेटचा मुद्दा दे, तो सुरक्षेचा मुद्दा म्हणून नोंदवू शकतो. तरीही वर्ष असंच जायला लागलं तर बदली माग, जिथे आधीपासून महिला खाली जातायत अशा ठिकाणी. ओपनकास्टचं रिस्ट्रिक्टेड सर्टिफिकेट हासुद्धा रस्ता आहे आणि चांगला आहे, पण तुला तो आवडतो म्हणून घे, खाली जाऊ दिलं नाही म्हणून नको. आणि आजपासून एक वही कर, कोणत्या तारखेला काय काम दिलं, किती वेळा खाली गेलीस, कोणाबरोबर. ११ हा आकडा तुझ्या डोक्यात आहे, तो कागदावर पाहिजे.

साहेबांशी बोलताना हेही सांग की पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः सोबत चला, डिस्ट्रिक्ट दाखवा, गँगशी ओळख करून द्या, ही आजपासून तुमची ओव्हरमन. चांगल्या माणसाला चांगुलपणा दाखवायला काहीतरी लागतं, ही जागा त्यासाठी योग्य आहे, आणि मॅनेजरने गँगसमोर एकदा असं म्हटलं की अर्धं काम होतं.

अर्ज लिहिलास की मला पाठव, मी बघून देते, नाव खोडून पाठवलास तरी चालेल. आणि लॅम्प रूममध्ये आधीच एक चक्कर मारून ये. सेल्फ रेस्क्यूअर (विषारी गॅस झाला तर श्वास घ्यायचं उपकरण) आणि बॅटरी ज्या बेल्टला अडकवतात तो तुझ्या कमरेला सैल होणार, त्याला आणखी दोन भोकं पाडून घ्यावी लागतील, ते त्यांच्याकडून सवडीने करून घे.